कातडं गार होण्याआधी

ॲनालॉग मिक्सरची बाजू घेणारे बहुतेक जण ती चुकीच्या कारणासाठी घेतात. जुन्या यंत्रातून आवाज 'उबदार' येतो, डिजिटलचा आवाज कोरडा असतो, असं म्हणायची एक रीतच पडून गेली आहे. या उबेतला मोठा वाटा मिक्सरचा नव्हताच, तो फितीचा होता. टेपवर आवाजाची पातळी एका मर्यादेपलीकडे गेली की फितीची चुंबकीय धारणा हळूहळू संपत जाते, लहरीची टोकं बोथट होतात आणि कानाला ते गोड लागतं. साध्या मिक्सरमध्ये बसवलेल्या आयसीला असली माया ठाऊक नसते. तिला मिळणारं व्होल्टेज संपलं की लहर तिथंच कापली जाते आणि कापलेली लहर फाटकीच ऐकू येते. म्हणजे उबदारपणाच्या नावाखाली लग्नाच्या साउंडवाल्याकडचा जुना बारा चॅनलचा मिक्सर विकत घेणाऱ्याची निराशा ठरलेली. हे मान्य करूनही या लेखाचं म्हणणं असं, की आळंद, उमरगा, अक्कलकोट, बसवकल्याण, हुमनाबाद या पट्ट्यातली चर्मवाद्यं घरच्या घरी मुद्रित करायची असतील तर ॲनालॉग मिक्सर हेच योग्य यंत्र आहे. त्याचं कारण यंत्रापेक्षा वाद्याच्या कातड्यात शोधावं लागतं.

आधी वाद्यं कोणती ते पाहू. इथल्या भजनी मंडळात पखवाज असतो. गोंधळात सांबळ, तुणतुणं आणि झांज. खंडोबाच्या वाघ्याकडे दिमडी, यल्लम्माच्या जोगत्याकडे चौंडकं, तमाशात आणि गाण्याच्या पार्टीत ढोलकी. कुस्तीच्या फडात, लेझमीला, मिरवणुकीला हलगी, तिच्या जोडीला घुमकं आणि कैताळ. ही वाद्यं भाषेची सरहद्द पाळत नाहीत. तोच हलगीवाला सकाळी कन्नड घरच्या लग्नात वाजवतो आणि संध्याकाळी मराठी घरच्या. पण सरहद्दीचा फटका त्यांना बसतोच. १ नोव्हेंबर १९५६ रोजी हैदराबाद राज्याचे तुकडे झाले, मराठवाडा मुंबई राज्यात गेला आणि आळंद म्हैसूर राज्यात. तेव्हापासून इथला मराठी बोलणारा वादक दोन राजधान्यांच्या मधोमध उभा आहे, आणि मुंबई काय, बंगळूर काय, मोठ्या स्टुडिओंची दोन्ही शहरं सारखीच दूर. तशी ध्वनिमुद्रणाने चर्मवाद्यांची आबाळ पहिल्यापासूनच केली. १९०२ साली फ्रेड गाइसबर्ग कलकत्त्याला गौहर जानचं गाणं मुद्रित करायला आला तेव्हा आवाज कर्ण्यातून थेट सुईवर जायचा. त्या पद्धतीत खर्जाचे स्वर जवळपास उमटतच नसत. विजेचा मायक्रोफोन १९२५ नंतर रूढ झाला, पण तबलजीला मागे बसवायची सवय मात्र मुरली. लोकवाद्यांचा तर प्रश्नच नव्हता.

आता मुद्द्याचं. हलगी म्हणजे धातूचं किंवा लाकडाचं कडं आणि त्यावर ताणून बसवलेलं बकऱ्याचं कातडं. त्याला ना शाई, ना गट्टे. स्वर चढवायचा उपाय एकच, विस्तव. वाजवण्याआधी काटक्या, पाचट, कागद जे हाताशी असेल ते पेटवून हलगी तापवतात, कातड्यातला ओलावा उडतो, ते आकसतं आणि टणत्कार येतो. पण हा टणत्कार उसना असतो. हवेतला ओलावा कातडं परत पिऊ लागतं आणि स्वर उतरू लागतो. उन्हाळ्यात पारा चाळिशीपार गेलेला असताना हलगी बरीच टिकते; श्रावणात मात्र दोन चाली वाजवल्या की पुन्हा शेकोटीकडे धाव. याचा ध्वनिमुद्रणाच्या दृष्टीने अर्थ काय? एकच चाल दोनदा मुद्रित केली तर दोन्हींचा स्वर एकसारखा नसतो. पहिल्या खेपेचा आरंभ आणि दुसऱ्या खेपेचा शेवट जोडून एक निर्दोष तुकडा तयार करायचा, हा डिजिटल संपादनाचा सगळ्यात मोठा गुण. तो इथे निकामी होतो. सांधा कानाला कळतो. एकाच खेपेच्या आतसुद्धा सुरुवातीचा ठोका आणि शेवटचा ठोका यांत फरक पडलेला असतो, आणि ऐकणाऱ्याला तो खटकत नाही, कारण उतार सावकाश असतो. म्हणजे जे मिळवायचं ते एका दमात. माइक कुठे, पातळी किती, कोण कुठे उभं राहणार, हे सगळं शेकोटी पेटण्याआधी ठरलेलं हवं. 'नंतर बघू' म्हणायची सोय असलेलं यंत्र इथे उपयोगाचं नाही. ती सोय माणसाला ढिलं करते, आणि इथे नंतर बघण्यासारखं फार थोडं शिल्लक राहतं.

यावर कोणी म्हणेल, संगणकात स्वर वरखाली करता येतो, मग दोन खेपा जुळवायला काय हरकत? गाणाऱ्याच्या गळ्याबाबत हे बऱ्यापैकी जमतं. पण हलगी गळा नव्हे. साध्या ताणलेल्या पडद्याचे उपस्वर मूळ स्वराच्या दुप्पट, तिप्पट अशा सरळ पटीत नसतात, ते १.५९, २.१४, २.३० अशा आडनिड्या पटीत असतात. म्हणून हलगीला नेमका 'सा' नसतो, तिचा सारा जीव ठोक्याच्या पहिल्या काही मिलिसेकंदांत असतो, आणि स्वर सरकवणारी गणितं नेमकी तीच जागा पुसट करतात. शाईच्या वाद्यांची गोष्ट वेगळी. पुडीच्या मध्यावर थरावर थर देऊन चढवलेली शाई पडद्याचं वजन असं वाटते की उपस्वर सरळ पटींच्या जवळ येऊन बसतात. तबला आणि मृदंगाचं हे रहस्य सी. व्ही. रामन यांनी १९२० साली शिवकाली कुमार यांच्यासह 'नेचर'मध्ये मांडलं आणि पुढे तीसच्या दशकात विस्ताराने सोडवून दाखवलं. पखवाज किंवा ढोलकी एकदा गाणाऱ्याच्या पट्टीला, काळी एक म्हणा, पांढरी चार म्हणा, लावली की बराच वेळ तिथंच राहते. त्यामुळे माझा युक्तिवाद ढोलकीसाठी हलगीइतका बळकट नाही, हे कबूल करायला हवं. तरी पखवाजाच्या डाव्या अंगाची कणीक सुकत जाते आणि त्या अंगाचा, म्हणजे धुमेचा, खर्ज बदलतो. ढोलकीच्या धुमेला आतून लावलेला मसालाही हवेप्रमाणे वागतो. घड्याळ इथेही असतं, फक्त त्याचा काटा हळू फिरतो.

मिक्सर या घड्याळाशी कसा जुळतो ते त्याच्या पाटीवर नजर टाकली की कळतं. प्रत्येक चॅनल म्हणजे वरून खाली उतरणारी एक ओळ. वर माइकची जागा, मग गेन, मग खर्ज कापायचं बटण, मग ट्रेबल-मिड-बासच्या चकत्या, मग डावं-उजवं ठरवणारा पॅन आणि तळाला फेडर. यातली कुठलीही गोष्ट कुठल्या पडद्याआड दडलेली नाही. सगळ्या एका वेळी डोळ्यांसमोर आणि बोटांखाली असतात. दोन माणसं चार हातांनी तो चालवू शकतात. हलगीवाला एक चाल वाजवून दाखवतो, त्याचा भाऊ गेन वर करतो, गोंधळी म्हणतो सांबळ दबलं, तिसरा फेडर सरकवतो, आणि हे सगळं कानावर भरवसा ठेवून. संगणकापुढे माऊस एकाच्याच हातात असतो आणि बाकीचे त्याच्या पाठीमागे उभे राहून पडद्यावरच्या हिरव्या-लाल पट्ट्या बघत बसतात. जुन्या मिक्सरवर सुईचा व्हीयू मीटर असेल तर त्याची एक खोड मात्र माहीत हवी. ती सुई पूर्ण वर यायला सुमारे ३०० मिलिसेकंद घेते, कारण ती बोलण्या-गाण्याची सरासरी पातळी दाखवण्यासाठी केलेली आहे. हलगीचा ठोका त्याच्या कितीतरी आधी येऊन गेलेला असतो. सुई अर्ध्यावर डुलत असते आणि खरा ठोका तिच्यापेक्षा दहा-पंधरा डेसिबल वर जाऊन आयसीच्या छताला आपटत असतो. म्हणून हलगीच्या चॅनलवर सुईकडे दुर्लक्ष करायचं, लाल दिवा असेल तर तो पाहायचा, आणि वादकाला सगळ्यात जोराची चाल वाजवायला सांगून त्याच्याही खाली गेन ठेवायचा. वादक तालमीत हात राखून वाजवतात आणि खरी वेळ आली की दुप्पट जोराने, हे सगळे साउंडवाले जाणतात.

माइकबाबत फार खोलात जायला नको. १९६५ पासून बाजारात असलेल्या शुअर एसएम ५७ सारखा साधा डायनॅमिक माइक, किंवा गावोगावच्या सभामंडपांत दिसणारा अहुजाचा, हलगीचा मार सोसतो. कंडेन्सर माइकला ४८ व्होल्टचं फँटम लागतं, तो नाजूक तपशील छान टिपतो, पण हलगीच्या तोंडाशी धरला तर चिरकतो. तो दूर, खोलीचा आवाज घेण्यासाठी ठेवावा. खरा प्रश्न माइक किती, हा नसून ते कुठे, हा आहे. आवाज सेकंदाला साधारण ३४३ मीटर जातो. एकाच हलगीपासून दोन माइकांच्या अंतरात ३४ सेंटिमीटरचा फरक असला की दुसऱ्यात आवाज एक मिलिसेकंद उशिरा पोचतो, आणि दोन्ही चॅनल एकत्र झाले की ५०० हर्ट्झच्या आसपासचा भाग एकमेकांना खाऊन टाकतो. आवाज पोकळ येतो, लोक म्हणतात माइक स्वस्तातला आहे. उपाय फुकटातला आहे: सुतळी. हलगीच्या मध्यापासून एका माइकपर्यंत सुतळी ताणायची, चिमटीत धरायची आणि दुसरा माइक तेवढ्याच अंतरावर उभा करायचा. ढोलकी आणि पखवाजाची आणखी एक गंमत आहे. शाईच्या बाजूवर थाप पडली की ती पुडी आत जाते आणि आतली हवा धुमेची पुडी बाहेर ढकलते. दोन्ही तोंडांना माइक लावले तर एकाला ढकललेली हवा मिळते आणि दुसऱ्याला ओढलेली, म्हणजे खर्ज परस्परांत फिटतो. मोठ्या मिक्सरवर फेज उलटायचं बटण असतं, लहानांवर सहसा नसतं. मग एका केबलच्या एका टोकाला दुसऱ्या आणि तिसऱ्या पिनेच्या तारांची अदलाबदल करून डाग द्यायचा आणि तिच्यावर लाल चिकटपट्टी गुंडाळायची, नाहीतर पुढच्या लग्नात ती चुकून दुसरीकडे लागते. ही केबल कुठलाही रेडिओ दुरुस्त करणारा पाच मिनिटांत करून देईल.

घर. इथे आळंदकडच्या माणसाच्या हाती एक अशी गोष्ट आहे की ती शहरातल्या स्टुडिओवाल्याला पैसे मोजून उभी करावी लागते. जुनं माळवदाचं घर म्हणजे दोन-अडीच फुटी दगडमातीच्या भिंती, वर तुळया, त्यावर लाकूडफाटा आणि पांढऱ्या मातीचा जाड थर. एवढ्या वजनाच्या भिंतीतून रस्त्यावरच्या ट्रॅक्टरचा आवाज सहजी आत येत नाही. हाताने लिंपलेली भिंत आरशासारखी सपाट नसते आणि तुळयांनी छत जागोजागी मोडलेलं असतं, त्यामुळे वरचे स्वर एकाच दिशेने उसळी मारत नाहीत, विखुरतात. खाली शहाबादी फरशी. ती आळंदच्याच कलबुर्गी जिल्ह्यातल्या शहाबादची. कठीण चुनखडीचा हा दगड आवाज चोख परत करतो आणि हलगीला तेवढी चमक हवीच असते. याउलट आता जिकडेतिकडे उभी राहिलेली दहा बाय दहाची सिमेंटची खोली, आणि तिची उंचीही दहा फूट असेल तर सोन्याहून पिवळं, म्हणजे वाईटपणाची हद्द. दहा फुटांच्या अंतरात सुमारे ५६ हर्ट्झची लहर अडकून घुमते, मग तिची दुप्पट, तिप्पट. तिन्ही बाजू सारख्या असल्या की तिन्हींचा घुमार एकाच ठिकाणी साचतो आणि धुमेचा एखादाच बोल राक्षसासारखा मोठा होतो, बाकीचे गडप. अशी खोलीच नशिबी असेल तर वाद्य खोलीच्या बरोबर मध्ये ठेवू नये, कोपऱ्यांत तुरीची-ज्वारीची भरलेली पोती रचावीत आणि समोरासमोरच्या दोन भिंतींपैकी एकीवर जाड घोंगडी भिंतीपासून वीतभर सोडून टांगावी. तुरीच्या मुलखात पोत्यांना तोटा नाही. हलगीसाठी मात्र मला सगळ्यात योग्य जागा वाटते ती ढाळज. तिन्हीकडून भिंत, वर माळवद, एक अंग अंगणाकडे उघडं. हलगी मुळात मैदानाचं वाद्य, तिला कोंडून का घालायचं, असा आक्षेप कोणी घेतला तर तो रास्त आहे, आणि ढाळज हे त्याचं उत्तर आहे. आवाजाला भिंतींचा आधार मिळतो आणि वाफ दाटून राहत नाही.

घरात मुद्रित केलेला ढोल म्हणजे तडजोड, असा ज्यांचा समज असेल त्यांनी इंग्लंडमधलं हेडली ग्रेंज आठवावं. हॅम्पशरमधली ही १७९५ सालची इमारत, कधीकाळी गरिबांचं आश्रयस्थान होती. लेड झेपलिन या बँडने १९७१ साली निघालेल्या आपल्या चौथ्या अल्बमचं बरंचसं काम तिथे केलं. ध्वनिमुद्रक अँडी जॉन्स यांनी जॉन बॉनमचे ड्रम प्रवेशदालनातल्या जिन्यापाशी, खाली मांडले आणि वरच्या मजल्याच्या कठड्यावरून दोन माइक टांगले. बायरडायनॅमिक कंपनीचे एम १६० रिबन माइक. एवढंच. मिक्सर बाहेर उभ्या असलेल्या मोटारीत होता. त्या जिन्यातून आलेला ठोका पुढच्या पन्नास वर्षांत जगभरच्या लोकांनी इतका उचलला की त्याचा हिशेब लागत नाही. आपल्याकडे 'सैराट' या चित्रपटाने २०१६ साली वाद्यवृंदासाठी हॉलिवूडचा स्टुडिओ गाठला, ते कौतुकाचंच. पण पन्नास-साठ वादक एकत्र बसवायला मोठं दालन लागतं म्हणून. हलगीला तसलं काही लागत नाही. दोन-चार माइक, बरी खोली आणि आधी ठरवून घेतलेल्या जागा, इतकंच तिचं भांडवल.

आता गंभीर आक्षेपांकडे. पहिला डिजिटलवरचा, विलंबाचा. ॲनालॉगचे समर्थक सांगतात की संगणकातून आवाज कानापर्यंत यायला वेळ लागतो आणि ताल बिघडतो. २५६ नमुन्यांच्या बफरला एका फेरीत सुमारे ५.८ मिलिसेकंद, जाऊन-येऊन बारा धरा. पण बारा मिलिसेकंदांत आवाज चार मीटर जातो, आणि फडात हलगी व घुमकं एकमेकांपासून चार मीटरवर आरामात वाजतात. शिवाय बहुतेक नव्या यंत्रांत थेट ऐकायची सोय असते. म्हणजे हा युक्तिवाद मी सोडून देतो. तो ॲनालॉगच्या बाजूचा असला तरी लंगडा आहे. दुसरा, ॲनालॉगवरचा आक्षेप मात्र खरोखर जड आहे. लहान मिक्सरमधून शेवटी बाहेर पडतात दोनच वाटा, डावी आणि उजवी. सांबळ जास्त झालं आणि तुणतुणं बुडालं, तर ते कायमचं बुडालं. डिजिटलमध्ये प्रत्येक माइक वेगळा साठवता येतो आणि महिन्याभराने बसून तोल सुधारता येतो. याला माझं उत्तर असं की एका ढाळजेत चार वादक एकत्र वाजवत असतील तर प्रत्येक माइकमध्ये बाकीचे तिघे शिरलेलेच असतात. हलगीचा माइक खाली केला की घुमक्याचा रंगही बदलतो. वेगळेपणाचं हे आश्वासन अर्धं पोकळ ठरतं. ते पूर्ण मिळवायचं तर वादकांना वेगवेगळ्या खोल्यांत बसवून कानाला हेडफोन लावावे लागतील, आणि मग हलगीवाल्याने घुमकेवाल्याकडे भुवई उडवून चाल बदलायची ती कशी? या वाद्यांचा अर्धा व्यवहार नजरेवर चालतो.

तरीही दोन प्रसंगी मी डिजिटलला मत देईन. गायिका पुण्यात, संगीतकार मुंबईत आणि ढोलकीचा एक तुकडा तेवढा आळंदहून हवा, अशा कामाला वेगळा ट्रॅकच लागतो. आणि पुढच्या अभ्यासकांसाठी दस्तऐवज करायचा असेल तर न मिसळलेला आवाज जपणं केव्हाही श्रेयस्कर. आपण आज जो तोल ठरवतो तो आजच्या कानाचा असतो. गी पोइत्वँ आणि हेमा राईरकर यांनी महाराष्ट्रातल्या गावोगावच्या बायकांच्या जात्यावरच्या ओव्या जमवल्या, एक लाखाहून अधिक. त्यांतल्या कितीतरी पुढे त्या बायकांच्याच घरी जाऊन मुद्रितही झाल्या. चर्मवाद्यांच्या वाट्याला अशी चिकाटीची माणसं यायची आहेत. अशा कामासाठी मिक्सरच्या प्रत्येक चॅनलची वेगळी वाट बाहेर काढता येते, पाठीमागे डायरेक्ट आउट किंवा इन्सर्टच्या जागा असतील तर. सोवळं पाळायची गरज नाही. शेवटचा साठा रेकॉर्डरवर करा, लॅपटॉपवर करा, मोबाइलवर करा. माझा आग्रह फितीचा नाही. आग्रह एवढाच की निर्णय वाजवण्याच्या आधी आणि वाजवणाऱ्यांच्या समोर व्हावेत.

तिसरा आक्षेप विजेचा, आणि तो आळंदसारख्या ठिकाणी हसण्यावारी नेता येत नाही. मिक्सरला ५० हर्ट्झची गुणगुण लागते, तिची दुप्पट १०० हर्ट्झही. चौकोनी लहरीचा स्वस्त इन्व्हर्टर लावला की त्यात किरकिर मिसळते. याचं निम्मं दुखणं अर्थिंगमध्ये असतं. मिक्सर एका बोर्डावर, रेकॉर्डर दुसऱ्या खोलीतल्या बोर्डावर, असं केलं की दोन अर्थिंगच्या मधून गुणगुण फिरत राहते; सगळं एकाच बोर्डावर घेतलं तर बऱ्याचदा ती गप्प होते. गुणगुण घालवण्यासाठी प्लगची अर्थिंगची पिन मोडून टाकायचा गावठी इलाज आहे, तो कधीही करू नये, माणूस जातो. दुरुस्तीच्या बाजूने मात्र ॲनालॉग सरस आहे. आत साध्या आयसी असतात, टीएल०७२, ५५३२ अशा नावांच्या, त्या सोलापूरला किंवा कलबुर्गीला मिळतात. खरखरणारा फेडर साफ करता येतो, नाही झाला तर बदलता येतो. डिजिटल मिक्सरचा मुख्य बोर्ड गेला की यंत्र कंपनीकडेच पाठवावं लागतं. आणि आवाजाच्या शुद्धतेचा प्रश्न असेल, तर जुन्या मिक्सरची सूं-सूं तुणतुण्याच्या मागे ऐकू येईल हे खरं, पण हलगीच्या मागे ती शोधून सापडणार नाही.

एक गोष्ट उरते, ती आवाजाची नाही. हलगीवाल्याला गावाने शतकानुशतकं दाराबाहेर उभं करून वाजवायला लावलं. लग्न आत, हलगी बाहेर. आंबेडकरी चळवळीने गावकीची अवहेलनेची कामं सोडा म्हटलं तेव्हा अनेकांनी हलगी खाली ठेवली, आणि ती ठेवण्यात स्वाभिमान होता; तो वारसा बुडाला म्हणून हळहळणाऱ्यांनी आधी ते समजून घ्यावं. म्हणून 'घरी मुद्रण' म्हणताना घर कोणाचं हे विचारलं पाहिजे. माझ्या मते ते वादकाचं असावं. बारा चॅनलचा मिक्सर एक माणूस काखेत मारून नेऊ शकतो. स्टुडिओ वादकाला शहरात बोलावतो, तासाचे पैसे मोजतो, त्याची चाल उचलतो आणि नाव 'रिदम' एवढंच छापतो. काही वेळा तीच चाल ऑक्टोपॅडच्या रबरी पडद्यावर चढते आणि पुढच्या वर्षी त्याला बोलावणंही येत नाही. ऑक्टोपॅडचा राग धरण्यात अर्थ नाही, १९८५ पासून तो आहे आणि ऑर्केस्ट्रावाल्यांना तो परवडतो. पण ज्याच्या घरात यंत्र, त्याच्या हातात फेडर, आणि ज्याच्या हातात फेडर, मुद्रणावर त्याचा हक्क, हे व्यवहाराचं गणित आहे. भावानं किंवा मुलीनं मिक्सर धरला तर उत्तमच.

हे काम कोण करील? आळंद तालुक्यातच कडगंची इथे २००९ साली स्थापन झालेलं कर्नाटकाचं केंद्रीय विद्यापीठ आहे. शेजारी कलबुर्गीला आकाशवाणीचं केंद्र आहे. हुमनाबादजवळ माणिकनगरला माणिकप्रभूंच्या संस्थानात संगीताची जुनी परंपरा आहे. या तिघांनी मिळून जुने मिक्सर गोळा करावेत, डागडुजी करावी आणि गावोगावच्या वादकांना वापरायला द्यावेत, असं सुचवावंसं वाटतं. डीजे आणि डिजिटल मिक्सर आल्यापासून साउंडवाल्यांचे असे कितीतरी मिक्सर माळ्यावर पडून असतील. ज्यांना संस्थेची वाट बघायची नाही त्यांनी लगीनसराई संपल्यावर, पाऊस सुरू व्हायच्या आधी, आपल्या गावातल्या हलगीवाल्याकडे विचारणा करावी. मुद्रण सुरू करताना पहिल्या चालीआधी माइकमध्येच बोलून ठेवावं: वादकांची पूर्ण नावं, गाव, तारीख, कोणतं वाद्य कोणत्या कातड्याचं, आणि हलगी शेकून किती वेळ झाला. कागद हरवतो, फाइलचं नाव बदलतं, आवाजात सांगितलेलं आवाजाबरोबर राहतं.